लिस्बनमध्ये जन्म नोंदवला, पासपोर्ट काढला नाही. मी अजून भारतीय आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले, जन्म १९७४चा, राज्य सरकारच्या एका खात्यात नोकरीला. वडील १९४९चे, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले. अशांना आणि त्यांच्या मुलांना आपला जन्म पोर्तुगालमध्ये नोंदवून तिथलं नागरिकत्व घेता येतं. दोन वर्षांपूर्वी एका एजंटामार्फत आधी वडिलांचा आणि मग स्वतःचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवून घेतला. पोर्तुगीज ओळखपत्र नाही, पासपोर्ट नाही. भारतीय पासपोर्ट चालू आहे, मतदार यादीत नाव आहे, घर आणि कुळागर (पोफळीची बागायत) नावावर आहे. मुलगा सतरा वर्षांचा. त्याला शिकायला युरोपात, जमलं तर लंडनला जायचं आहे. एजंट सांगतो, ‘पासपोर्ट हातात घेईपर्यंत काही होत नाही.’ मेहुणा सांगतो, ‘तू केव्हाच परदेशी झालास.’ कोणाचं खरं?

एजंटाचं म्हणणं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. मेहुण्याचं म्हणणं अजून कोणी ठरवलेलं नाही. तुमची खरी स्थिती या दोन वाक्यांच्या मधली आहे आणि ती समजून न घेता तुम्ही पुढचा कुठलाही फॉर्म भरू नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गेली बावीस वर्षं मी मडगावात वकिली करतो. जमिनीच्या वाटण्यांखालोखाल माझ्याकडे सगळ्यात जास्त येतो तो हाच विषय. आणि हो, ‘हे फक्त ख्रिश्चनांचं’ हा समज सोडून द्या. माझ्याकडे कामत येतात, नाईक येतात, गावडे येतात. १९६१च्या आधीचा जन्मदाखला कोणाचा धर्म विचारत नाही.

आधी भारताची बाजू. नागरिकत्व कायदा १९५५चा. त्यात नागरिकत्व जाण्याच्या तीन वाटा आहेत आणि लोक त्यांची भेसळ करतात. कलम ८ परित्यागाचं आहे: तुम्ही स्वतः लिहून देता की मला हे नको. कलम १० हिरावून घेण्याचं: सरकार काढून घेतं, पण ते मुख्यतः नोंदणीने किंवा देशीकरणाने (परदेशी माणसाने दीर्घ वास्तव्यानंतर अर्ज करून) नागरिक झालेल्यांसाठी, तुमच्यासारख्या जन्माने भारतीय असलेल्याला ते लागत नाही. तुमचं कलम मधलं, ९. ते म्हणतं की जो भारतीय नागरिक देशीकरणाने, नोंदणीने किंवा अन्य मार्गाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळवतो, त्याचं भारतीय नागरिकत्व ते मिळवताक्षणी संपतं. यात नोटीस नाही, सुनावणी नाही, दिल्लीहून येणारं पत्र नाही. माणूस सकाळी उठतो, चहा पितो, ऑफिसला जातो आणि त्याला कल्पनाही नसते की काल दुपारी एका परदेशी निबंधकाच्या सहीने तो आपल्याच घरात परदेशी झाला.

मग एजंट पासपोर्टचं का सांगतो? कारण त्याने कुठूनतरी अर्धं ऐकलेलं असतं. नागरिकत्व नियमांत असं आहे की भारतीय नागरिकाने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला, तर त्याने त्या तारखेच्या आधी तिथलं नागरिकत्व स्वेच्छेने मिळवलं होतं याचा तो निर्णायक पुरावा. फाळणीनंतर पाकिस्तानचा पासपोर्ट घेऊन परत आलेल्यांनी या नियमाला आव्हान दिलं होतं. १९६२ साली इझार अहमद खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम बहुमताने उचलून धरला. बहुमताचा निकाल आपल्या प्र. बा. गजेंद्रगडकरांचा. पण नीट वाचा: पासपोर्ट हा नागरिकत्व मिळवल्याचा *पुरावा* आहे, मिळवण्याची *कृती* नव्हे. ‘त्या तारखेच्या आधी’ हे शब्दच सांगतात की कृती आधी कधीतरी घडलेली असते. एजंट पुराव्यालाच गुन्हा समजतो आणि पुरावा नसला की गुन्हा नाही, असा हिशेब करतो.

मेहुण्याचंही तसंच. कलम ९(२) म्हणतं की एखाद्याने परदेशी नागरिकत्व मिळवलं का, कधी आणि कसं मिळवलं, असा प्रश्न निर्माण झाला तर त्याचा निर्णय ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यानेच करायचा, आणि तो अधिकार केंद्र सरकारचा. पोलिसांचा नाही, मामलेदाराचा नाही, मेहुण्याचा तर नाहीच. आंध्रातून आलेल्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच हे पक्कं केलं: केंद्राने चौकशी करून निर्णय दिल्याशिवाय राज्य सरकारला माणसाला परदेशी ठरवून हाकलता येत नाही.

आता लिस्बनची बाजू. ती कोणीच नीट सांगत नाही. पोर्तुगालचा नागरिकत्व कायदा ३ ऑक्टोबर १९८१चा, क्रमांक ३७/८१. त्यात पोर्तुगीज होण्याचे दोन प्रकार आहेत. एक, नंतर मिळवलेलं नागरिकत्व: लग्नाने, दीर्घ वास्तव्याने वगैरे. दुसरं मूळचं, जे जन्मापासूनच होतं असं मानलं जातं. पोर्तुगीज माणसाचं परदेशात जन्मलेलं मूल दुसऱ्या प्रकारात येतं. त्याचा जन्म पोर्तुगीज नागरी नोंदणीत चढला, किंवा त्याने ‘मला पोर्तुगीज व्हायचं आहे’ असं जाहीर केलं, की ते पोर्तुगीज, आणि परिणाम जन्मापासून. तुम्ही याच दारातून गेलात. लिस्बनच्या नजरेत तुम्ही दोन वर्षांपूर्वी पोर्तुगीज झालेला नाहीत. तुम्ही १९७४ पासूनच पोर्तुगीज होता, फक्त वहीत नाव आता चढलं.

यावरून इथले वकील युक्तिवाद करतात, मीही केला आहे: जे जन्मापासून होतं ते ‘मिळवलं’ कसं? आणि मिळवलंच नाही तर कलम ९ लागेल कसं? कागदावर हा युक्तिवाद देखणा आहे. पण त्याच्यावर घर बांधू नका, असं मी अशिलांना सांगतो. भारताचा कायदा पोर्तुगालच्या व्याख्या उसन्या घेत नाही. तो पाहतो की तुम्ही स्वतःहून काही केलंत का. आणि अर्ज, सही, फी, एजंटाला दिलेलं मुखत्यारपत्र, हे सगळं आपोआप घडत नाही. ‘नोंदणीने’ हा शब्द कलमातच आहे.

तुमच्या वडिलांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे थोडं मागे जायला हवं. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. पुढच्या २८ मार्चला केंद्राने गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश काढला. जो कोणी, किंवा ज्याचे आईवडील अथवा आजीआजोबा २० डिसेंबर १९६१पूर्वी या प्रदेशात जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय नागरिक. अपवाद एकच: आधीचं नागरिकत्व ठेवायचं असेल तर महिनाभरात लेखी कळवा. थोड्या लोकांनी तसं कळवलंही. त्यांतले एक, फादर मोंतेरो. त्यांनी पोर्तुगीज राहायचं ठरवलं, तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना संपला तरी गोवा सोडला नाही, आणि परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९६९ साली फेटाळला गेला. जिनेव्हा करारापर्यंतचा वाद त्यात झाला. आपल्याच गावात राहणारा माणूस एका कागदामुळे परका ठरतो, याचं गोव्यातलं ते पहिलं मोठं उदाहरण.

तुमचे वडील तेव्हा बारा वर्षांचे. त्यांनी काहीच कळवलं नाही, ते भारतीय झाले. पोर्तुगालने मात्र गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४च्या करारात मान्य केलं, आणि तसं करताना आपल्या वहीतून या लोकांची नावं खोडली नाहीत. म्हणून आजचा सगळा व्यवहार शक्य होतो. वडिलांच्या बाबतीत लिस्बनने जुन्या पोर्तुगीज नोंदीची आपल्या वहीत नक्कल उतरवली, इतकंच म्हणता येतं. त्यांचा बचाव तुमच्यापेक्षा बराच भक्कम आहे. तुम्ही मुक्त गोव्यात, भारताचे नागरिक म्हणून जन्मलात. तुमच्या बाबतीत ‘फक्त नक्कल’ म्हणता येणार नाही.

तरी माझ्या अनुभवात नागरिकत्व *गेलं का* यावर माणसं जितकी झोप घालवतात, तितकी ते *कधी गेलं* यावर घालवत नाहीत, आणि फजिती तिथेच होते. नागरिकत्व जाणं हा गुन्हा नाही. कोणालाही दुसऱ्या देशाचं होण्याचा अधिकार आहे. भारत एवढंच म्हणतो की दोन्ही एकदम नाही. गुन्हा सुरू होतो तो त्या तारखेनंतर भारतीय म्हणून केलेल्या प्रत्येक सहीतून. त्या तारखेनंतर पासपोर्टचं नूतनीकरण केलंत? अर्जात तुम्ही लिहून दिलंत की मी नागरिकत्व गमावलेलं नाही. नागरिक नसताना राष्ट्रीयत्व लपवून पासपोर्ट मिळवला तर पारपत्र कायद्याच्या कलम १२(१अ) खाली किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं कैद आणि दहा ते पन्नास हजार दंड. मतदान केलंत? मतदार यादीत नागरिकाचंच नाव राहू शकतं. पगार घेतलात? सरकारी नोकराने नागरिक असणं ही अट आहे. या सगळ्याला एकच तारीख लागते, आणि तुमच्यापैकी बहुतेकांना ती सांगता येत नाही, कारण एजंटाने फक्त ‘काम झालं’ असा निरोप पाठवलेला असतो.

‘कोणाला कळणार आहे?’ हा पुढचा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो सगळ्यांच्या मनात असतो. सरकार स्वतःहून शोधत बसत नाही, खरं आहे. शोधतात ती आपली माणसं. माझ्याकडे आलेल्या बहुतेक प्रकरणांची सुरुवात दोनपैकी एका जागी झाली आहे: पंचायतीची निवडणूक किंवा भावाभावांतली वाटणी. एका बाईंच्या चुलतदिराने घराच्या वादात त्यांच्या लिस्बनमधल्या जन्मनोंदीची प्रत मिळवली आणि पासपोर्टपासून मतदार यादीपर्यंत चार ठिकाणी तक्रारी टाकल्या. बाईंनी पोर्तुगीज पासपोर्ट कधीच काढला नव्हता. त्यांचं नागरिकत्व शेवटी काय ठरेल ते ठरेल. मधली तीन वर्षं त्यांना मुलीच्या बाळंतपणाला दुबईला जाता आलं नाही.

तक्रारीशिवाय पकडले जातात ते जे दोन्ही पासपोर्ट वापरतात. तसे गोव्यात शेकड्यांनी होते. मग ३० नोव्हेंबर २०२२ला परराष्ट्र मंत्रालयाचं परिपत्रक आलं. परदेशी नागरिकत्वाची माहिती लपवलेल्यांचे भारतीय पासपोर्ट नुसते जमा करून घेण्याऐवजी रद्द होऊ लागले. फरक वरवर शब्दांचा वाटतो, पण परिणाम मोठा होता. ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी, ‘पासपोर्ट जमा केल्याचं प्रमाणपत्र’ लागतं. रद्द झालेल्याला ते मिळत नाही, म्हणजे ओसीआय नाही, म्हणजे स्वतःच्या आईला भेटायला यायचं तर साधा पर्यटक व्हिसा. पुष्कळ आरडाओरड झाली, आणि एप्रिल २०२४च्या अखेरीस गृह मंत्रालयाने रद्द केल्याचा आदेशही ओसीआयसाठी चालेल असं कळवलं. ती सवलत चांगली झाली. पण तिच्या भरवशावर आज पासपोर्ट दाबून ठेवणारा माणूस मला समजत नाही.

मग तुम्ही काय करायचं? आधी ठरवा, तुम्हाला जायचं आहे की राहायचं आहे.

राहायचं असेल तर: पोर्तुगीज ओळखपत्र, पासपोर्ट, कॉन्सुलेटमधली नोंद, पोर्तुगालमधलं मतदान, यातलं काहीही करू नका. पोर्तुगालच्या कायद्यात, दुसऱ्या देशाचा नागरिक असलेला माणूस ‘मला पोर्तुगीज राहायचं नाही’ असं जाहीर करून मोकळा होऊ शकतो. ती सोय त्यांच्या कायद्याच्या कलम ८मध्ये आहे. पण ‘तिकडचं सोडलं की इकडचं आपोआप परत’ असं एजंट सांगेल, ते ऐकू नका. कलम ९ने एकदा संपलेलं नागरिकत्व तिकडचा कागद फाडल्याने उगवत नाही. परत यायचं तर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. पूर्वी भारताचा नागरिक असलेल्याला अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य लागतं, आणि ज्याचं नागरिकत्व संपलं आहे त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या आदेशाशिवाय होत नाही. म्हणून तिकडे काही जाहीर करण्याआधी, नोंद कोणत्या आधारावर झाली हे तपासून, कलम ९ तुम्हाला लागत नाही अशी बाजू उभी राहते का ते पाहू. घाईने केलेली घोषणा ‘मी पोर्तुगीज होतो’ याची कबुलीही ठरू शकते.

जायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी नोकरीचा निर्णय. ओसीआय कार्डधारकाला सरकारी नोकरीचा हक्क नाही, मताचा नाही, निवडणूक लढवण्याचा नाही. निवृत्तीला आठ वर्षं उरलेल्या माणसाने हा व्यवहार दोन वर्षांपूर्वी का केला, हे मी विचारत नाही. पण पुढचं पाऊल खात्याला अंधारात ठेवून टाकू नका. मग भारतीय पासपोर्ट जमा, प्रमाणपत्र, मग ओसीआय. मधल्या काळात तुम्ही भारतात राहणारे परदेशी असता आणि १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा २०२५ लागू आहे, तेव्हा व्हिसाशिवायचे दिवस मोजत बसण्याची वेळ आणू नका.

कुळागराची चिंता तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीत, पण मला वाटतं जीव तिथेच अडकला आहे. ते तुमचंच राहतं. भारतात राहत असताना घेतलेली किंवा वारशाने आलेली स्थावर मालमत्ता नंतर परदेशी नागरिक झालं तरी ठेवता येते. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, कलम ६(५)मध्ये तसं स्पष्ट आहे. ओसीआय झाल्यावर नवी शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत मात्र घेता येत नाही. आणि हे कुळागर पुढे विकायचं ठरलं तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. म्हणजे पोफळी, मिरवेल, पाट, सगळं जागेवर. फक्त शेजारचा तुकडा विकायला निघाला तर तुम्हाला तो घेता येणार नाही, आणि फोंड्यात शेजारचा तुकडा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको.

मुलाचं. तो जन्मला तेव्हा तुम्ही दोघंही निर्विवाद भारतीय होता, तेव्हा तो जन्माने भारतीय. तुमचं नागरिकत्व कलम ९ने गेलं असलं तरी त्याचं त्यासोबत जात नाही. अल्पवयीन मुलाचं आपोआप जाण्याची तरतूद कलम ८(२)मध्ये आहे आणि ती आईवडिलांनी परित्यागाची घोषणा केली तरच लागते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये, सिंगापूरचे नागरिक झालेल्या आईवडिलांच्या मुलाच्या प्रकरणात, हा फरक नेमका दाखवला: कलम ९ने झालेली समाप्ती म्हणजे परित्याग नव्हे. त्या मुलाच्या विरोधात हा निकाल गेला, कारण त्याला ८(२)चा आधार घेऊन पुन्हा भारतीय व्हायचं होतं. तुमच्या मुलाला तोच फरक राखतो. मात्र याची दुसरी बाजू लक्षात ठेवा: तुम्ही भारतात कलम ८च्या परित्यागाच्या घोषणेची वाट धरलीत तर त्याच्यावर परिणाम होतो. आणि वर्षभर त्याचा जन्म लिस्बनला नोंदवू नका. पोर्तुगीज माणसाचं अपत्य म्हणून तो हक्क त्याला अठरानंतरही आजच्या कायद्यात आहे. त्याचं त्याला ठरवू द्या. त्याच्या वतीने तुम्ही सही केलीत तर ‘स्वेच्छा’ कोणाची, यावर पुढे त्यालाच भांडावं लागेल.

शिवाय ज्यासाठी हे चाललं आहे तो लंडनचा मार्ग आता राहिलेला नाही. स्विंडन आणि साउथॉलमध्ये गोवेकरांच्या वस्त्या उभ्या राहिल्या त्या पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये मुक्त प्रवेश होता म्हणून. ब्रेक्झिटमुळे ती सोय ३१ डिसेंबर २०२०ला संपली. त्याआधी तिथे राहत असलेल्यांना हक्क मिळाले. आज नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज विद्यार्थ्याला ब्रिटनचा व्हिसा लागतो, भारतीय विद्यार्थ्यासारखाच. युरोपात इतरत्र पोर्तुगीज पासपोर्टची किंमत आहे, पण शिक्षणासाठी तो अटळ नाही. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत भारतीय मुलालाही शिकवणी शुल्क नसतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. विद्यार्थी व्हिसावर जाऊ द्या. नोकरी लागली, तिथेच राहावंसं वाटलं, तर तेव्हा तो पंचविशीचा असेल आणि त्याच्या सहीला अर्थ असेल.

भेटायला याल तेव्हा तुमचा जन्मदाखला, वडिलांचा जुना पोर्तुगीजमधला दाखला आणि चालू पासपोर्ट आणाच, पण त्याहून महत्त्वाचे दोन कागद एजंटाकडून काढून घ्या. पहिला, लिस्बनच्या नोंदवहीतला तुमच्या जन्मनोंदीचा पूर्ण उतारा. त्यावर नोंद झाल्याची तारीख असते. दुसरा, त्याने तुमच्या वतीने तिथे दाखल केलेला अर्ज. वर सांगितलं तसं, नुसता जन्म वहीत चढवणं आणि ‘मला पोर्तुगीज व्हायचं आहे’ असं जाहीर करणं ही दोन वेगळी दारं आहेत. मराठी किंवा कोंकणीत समजावून न सांगता, पोर्तुगीजमधल्या कागदावर, जिथे फुली मारली होती तिथे सही करणारे तुम्ही पहिले नाहीत. ती सही नेमक्या कोणत्या वाक्याखाली आहे ते वाचल्याशिवाय मेहुण्याला काय उत्तर द्यायचं ते मी सांगणार नाही.